ग्लासवर नाव घाला, पण त्या डबीत काय आहे ते आधी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत घरच्या घरी काचेच्या ग्लासवर नाव कसं कोरायचं यावर अर्धं पान आलं होतं. संक्रांतीच्या वाणाला प्लास्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षा प्रत्येकीच्या नावाचा ग्लास द्या ही आयडिया मला तरी आवडली, आणि मी स्वतः मुंज, बारसं, साखरपुडा अशा ऑर्डरी घेते त्यामुळे चार जणी अजून शिकल्या तर मला काही वाईट वाटायचं कारण नाही. पण लेखात कृती काय, तर ऑनलाइन मिळणारं एचिंग क्रीम आणा, स्टेन्सिलवर फासा, पाच मिनिटांनी धुवा, झालं. जणू काही मेंदी लावायचीये. आणि फोटोतली मुलगी उघड्या हाताने, किचनच्या ओट्यावर, शेजारी चिरलेली कोथिंबीर!

अहो, त्या क्रीममध्ये अमोनियम बायफ्लोराइड नाहीतर सोडियम बायफ्लोराइड असतं, ओलाव्यात त्यातून हायड्रोफ्लोरिक अॅसिड तयार होतं आणि तेच काचेतली सिलिका खातं, म्हणून तर काच तिथे पांढुरकी होते. सल्फ्युरिक, नायट्रिक ही आपल्याला भीती वाटणारी अॅसिडं काचेच्या बाटलीत निवांत राहतात, हे मात्र बाटलीच खाईल म्हणून प्लास्टिकच्या डबीतच येतं. यातल्या फ्लोरिनला वेगळं काढायच्या नादात एकोणिसाव्या शतकात काही केमिस्ट जिवानिशी गेले, शेवटी 1886 मध्ये मॉइसाँ या फ्रेंच केमिस्टला ते जमलं. आणि आपण त्याच घराण्यातली वस्तू 'क्राफ्ट'च्या सदरात घालून मोकळे.

कोणी म्हणेल त्यात काय, संडास धुवायचं पण अॅसिडच असतं. असतं ना, पण ते हाताला लागलं की लगेच चुरचुरतं आणि माणूस नळाकडे पळतो. याचं उलट आहे, पातळ असलं तर लागलेलं कळतही नाही, कधीकधी कित्येक तासांनी दुखायला लागतं, तोपर्यंत फ्लोराइड कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम धरून बसलेलं असतं. मग रात्री बोट ठणकतं, वरून फार काही दिसत नाही, आणि आपण बर्नॉल लावून झोपतो. त्याने काही होत नाही. भरपूर पाण्याने लगेच धुवायचं, खूप वेळ धुवायचं, आणि दुखो न दुखो डॉक्टरकडे जाऊन 'फ्लोराइडवालं केमिकल लागलंय' हे स्पष्ट सांगायचं, डबी सोबत न्यायची, कारण यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात आणि नुसतं 'अॅसिड उडालं' म्हटलं तर समोरच्याच्या डोक्यात ते येईलच असं नाही.

म्हणून काय करूच नका असं माझं म्हणणं नाही. मीसुद्धा करते. पण नायट्रिलचे हातमोजे, डोळ्यांना प्लास्टिकचा गॉगल (काचेचा चष्मा असेल तर त्यावर उडालेला थेंब कायमचा डाग पाडून जातो), खिडकी उघडी, पोरं-मांजरं दुसऱ्या खोलीत. ओट्यावर तर नकोच, ग्रॅनाइटमध्ये पण सिलिकाच आहे, आणि बेसिनच्या, टाइल्सच्या चकाकीचंही तेच होतं. प्लास्टिकचा टब घ्यायचा आणि भरपूर पाण्यात धुवायचं, तो टब नंतर भाजी धुवायला वापरायचा नाही.

आता कृतीत जे राहिलंय ते. स्टेन्सिल कागदाची चालत नाही, कडेने क्रीम आत शिरतं आणि अक्षर फुगतं. आपल्या रेडियमवाल्याकडे जा, जो गाड्यांवर नावं कापून देतो, त्याला म्हणावं अक्षरं नकोत, अक्षरं काढून उरलेलं द्या. मराठी नावाची एक मजा आहे, शिरोरेषेमुळे अख्खं नाव एका झटक्यात सोलून निघतं, पण त्याच्याबरोबर व, ब, क यांच्या पोटातले बारके तुकडेही निघून येतात, ते चिमट्याने परत जागेवर बसवावे लागतात, नाहीतर 'वैभव'चा व म्हणजे नुसता गोळा दिसतो. अनुस्वाराचा टिंब जरा मोठाच कापून घ्यावा. ग्लास सरळ भिंतीचा घ्या, खाली निमुळता असला की स्टिकरला सुरकुती पडते. आधी स्पिरिटने पुसून घ्या, बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे बरोबर बोटाएवढं फिकं उठतं. क्रीम जाड थापायचं, पातळ फासलं की डाग डाग. आणि धुतल्यावर ओल्या काचेवर नाव दिसतच नाही, त्यामुळे नवीन माणूस घाबरून दुसरा थर लावतो, तसं करू नका, कोरडं होऊ द्या, मग उठून दिसतं. बोरोसिल टाइप काचेवर नीट उमटत नाही, साधी काच बरी. नाव बाहेरच्या बाजूलाच घाला, ओठ लागतात त्या काठापासून लांब.

केमिकल नकोच असेल तर छोटं रोटरी टूल (हातात धरायचं, वेगाने फिरणारं कोरायचं यंत्र) आणि त्याला लावायचं हिऱ्याच्या कणांचं टोक, म्हणजे डायमंड बिट घ्या. नावाचा प्रिंट ग्लासच्या आत चिकटवायचा आणि बाहेरून गिरवायचं, काच सतत ओली ठेवायची म्हणजे भुकटी उडत नाही, तरी मास्क लावायचाच. हाताला वळण लागेपर्यंत अक्षर थरथरतं, पण भांडेवाला स्टीलच्या तांब्यावर 'सप्रेम भेट' घालतो ते तरी कुठे सुबक असतं, तरी आपण वर्षानुवर्षं मिरवतोच की. फक्त टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या काचेच्या ग्लासवर हे करू नका, तो हातातच फुटू शकतो.

आणि तक्रार फक्त तुमच्या लेखाबद्दल नाही. मागे मी एका विक्रेत्याकडून सुटं क्रीम मागवलं तर साध्या पांढऱ्या डबीत आलं, वर कंपनीचं नाव नाही, घटक नाहीत, धोक्याची खूण नाही, आत फक्त थँक्यू कार्ड. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने अॅसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं आणली म्हणून दुकानदार ओळखपत्र मागतो, आणि इथे हे सामान सॅटिन रिबिनीच्या शेजारी विकलं जातंय. डबीवर निदान मराठीत चार ओळी असाव्यात, या मागणीच्या मागे तुमच्यासारख्या पेपरने लागायला पाहिजे.

तोपर्यंत एवढं करा, तुमच्या आरोग्याच्या पानावर जे डॉक्टर लिहितात त्यांच्याकडून फ्लोराइड लागलं तर काय करायचं याची छोटी चौकट घ्या आणि त्याच पुरवणीत त्याच जागी छापा. संक्रांतीच्या आधी छापा प्लीज, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतात आणि माझ्याकडेच तो लेख वाचून 'ताई ते क्रीम कुठे मिळतं' असे मेसेज यायला लागलेत.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली