भिजलेला फोम आणि कुजलेली फळी लपवून विकलेल्या होडीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, होडी विक्री व दुरुस्ती विभाग

महोदय,

मालवण बंदरातून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत प्रवासी नेण्यासाठी मी ऑगस्टमध्ये आपल्याकडून 22 फुटी, 12 वर्षे जुनी फायबरची होडी घेतली. तळातील फोम कोरडा असून इंजिन जिच्यावर बसवतात ती मागची लाकडी फळी भक्कम आहे, असे आपण विक्रीपत्रात लिहून दिले होते. होडी पाण्यात उतरवली त्याच दिवशी मागची बाजू जास्त बुडलेली दिसली. आपल्या कारागिरांनी ते इंजिनाचे वजन असल्याचे सांगितले आणि मी विश्वास ठेवला.

डिसेंबरमध्ये इंजिनाचे बोल्ट आवळताना वॉशर फळीत रुतू लागले. हातोडीने ठोकल्यावर फळी बद्द वाजली, म्हणून आतून लहानसे भोक पाडले, तर कोरड्या भुशाऐवजी काळपट, कुबट वासाचा ओला लगदा ड्रिलला चिकटून बाहेर आला. जुन्या बोल्टांची भोके रेझिनने न बुजवता त्यांवर नुसता रंग मारलेला आहे. विक्रीपूर्वी ही होडी आपल्या आवारात भर पावसात उघडी उभी होती, हे मी स्वतः पाहिले आहे. आणि पावसाचे गोडे पाणी लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा लवकर कुजवते, हे आपल्याला सांगायला नको.

त्यानंतर तळाच्या फळ्या उचकटल्या. फोमचा फूटभर लांब, रुंद आणि उंच तुकडा कापून मासळी तोलायच्या काट्यावर ठेवला, तो 14 किलो भरला. तेवढाच कोरडा, नवा फोम किलोच्या आसपास भरतो. होडीत पाणी शिरले तरी तिने तरंगत राहावे यासाठी जो फोम भरतात, तोच तिला खाली ओढत होता, आणि वर लहान मुलांसह प्रवासी बसत होते. या विचाराने मला अजूनही झोप लागत नाही.

"दोन दिवस उन्हात ठेवा," हे आपल्या प्रतिनिधीचे उत्तर मला मान्य नाही. बंद कप्प्यात पाणी मुरलेला फोम उन्हाने सुकत नाही. तो काढूनच टाकावा लागतो.

तरी 15 दिवसांत सगळा फोम आणि मागची फळी स्वखर्चाने बदलून, ते काम झाकण्यापूर्वी मला दाखवावे, अथवा होडी परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. तसे न झाल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. छायाचित्रे सोबत जोडली असून फोमचा तुकडा जपून ठेवला आहे.

आपला,
एक होडीमालक, मालवण