हार्लेची गोष्ट

पुणे

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

व्यसनात सापडलेल्या तरुणांवरचा, पण उपदेश न करणारा चित्रपट तू विचारला होतास. जॉश आणि बेनी सॅफ्डी या भावांचा २०१४ सालचा ‘हेवन नोज व्हॉट’ तू जरूर पाहावास, असे मला मनापासून वाटते.

न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दिवस काढणारी, हेरॉइनच्या पुरती आहारी गेलेली हार्ले ही इल्या नावाच्या निष्ठुर तरुणावर जीव ओवाळून टाकते आणि त्याला प्रेमाची खात्री पटावी म्हणून सुरुवातीलाच त्याच्यादेखत आपले मनगट कापून घेते. रुग्णालयातून सुटल्यावर पुन्हा तेच चक्र चालू होते: येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पैसे मागायचे, माल मिळवायचा, सुई टोचून घ्यायची आणि नशा उतरू लागली की पुन्हा पैशांच्या मागे लागायचे. ती या वाटेला कशी लागली, हे चित्रपट सांगत नाही, आणि ते मला फार मोलाचे वाटते. कारण घरच्यांवर किंवा परिस्थितीवर खापर फोडून मोकळे होण्याची सोयच आपल्याला उरत नाही. गर्द सुटले तरी इल्या सुटेल का, हा तिचा खरा पेच आहे.

हार्लेचे काम करणाऱ्या एरिएल होम्सचे हे स्वतःचेच आयुष्य आहे. जॉश दुसऱ्या एका चित्रपटाच्या तयारीसाठी मॅनहॅटनच्या हिरेबाजारात फिरत असताना ती त्याला भेटली, त्याच्या सांगण्यावरून तिने आपल्या आठवणी लिहिल्या आणि त्यांवरून पटकथा उभी राहिली. इल्या मात्र केलेब लँड्री जोन्स या व्यावसायिक नटाने केला आहे. छायाचित्रकार शॉन प्राइस विल्यम्सने बरेचसे चित्रण दुरून, लांब पल्ल्याच्या भिंगातून केले आहे. त्यामुळे तिचा ओढलेला चेहरा पडदा व्यापतो आणि शेजारून जाणारे पादचारी धूसर होऊन सरकत राहतात.

ज्याच्यावरून इल्या बेतला, तो तरुण २०१५ मध्ये सेंट्रल पार्कमध्ये मृतावस्थेत सापडला. इतक्या ओल्या जखमेवर एरिएललाच पुन्हा उभे करणे योग्य होते का, हा प्रश्न मला अजूनही छळतो; पण शब्द तिचे स्वतःचे आहेत, म्हणून मी या चित्रपटाच्या बाजूने उभा राहतो.

तुझ्या व्यसनमुक्ती केंद्रातील मुलांना मात्र तो दाखवू नकोस. सुयांची दृश्ये त्यांना झेपणार नाहीत. तू आणि तुझे सहकारी पाहा आणि इल्याबद्दल तुला काय वाटले, ते सविस्तर कळव.

तुझा,
अविनाश