पेरू, पेरा आणि पेराद

फोंडा, गोवा

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

पेराद, म्हणजे आपली गोव्याची नाताळातली वडी, असते पेरूची, मग नाव असं का, हे विचारलंस ते बरं केलंस. पोर्तुगीजमध्ये 'पेरा' म्हणजे नासपती. पेरू मूळचा अमेरिका खंडातला. इकडे आल्यावर नासपतीचं नाव त्याला चिकटलं. मराठीत पेरू, कोकणीत पेर, बंगालीत पेयारा, मल्याळममध्ये पेरक्का. उत्तरेतला 'अमरूद'ही फारसीत मुळात नासपतीच. तुर्कीत आजही 'आर्मुत' म्हणजे नासपती. पोर्तुगीज आणि फारसी अशा दोन वेगळ्या भाषांतून नव्या फळाला एकाच जुन्या फळाचं नाव मिळावं, हे मला फार विलक्षण वाटतं. तुमच्या विदर्भातलं 'जांब' या कुळातलं नाही. फळाचं स्वतःचं नाव 'गुआयाबा', ते पोर्तुगीजमध्ये 'गोयाबा' झालं. लिस्बनमध्ये 'पेरू' मागितलास तर टर्की पक्षी मिळेल!

फळाच्या नावाला 'आदा' लावलं की त्याची वडी किंवा मुरंबा. मार्मेलु (इंग्रजीत क्विन्स) फळाचा तो मार्मेलादा, त्यावरूनच इंग्रजी मार्मलेड. पोर्तुगालात पेरादा नासपतीची, ब्राझीलमध्ये गोयाबादा पेरूची. गोव्यात पेरूच 'पेरा' ठरला, म्हणून नाताळाला दोदोल-नेवऱ्यांच्या ताटात पेराद.

आता कृती. एक किलो पिकलेले पेरू घे, त्यात दोन-तीन अर्धकच्चे हवेतच. नुसत्या पिकल्या फळांत पेक्टिन, म्हणजे गर घट्ट करणारा घटक, कमी, मग वडी धरत नाही. फोडी थोड्या पाण्यात मऊ शिजव, चाळणीतून गाळ, बिया टाकून दे. गर तोलून घे, तेवढीच साखर आणि एका लिंबाचा रस घाल. लिंबू चुकवू नकोस. आंबटपणाशिवाय गर नीट घट्ट होत नाही, शिवाय साखरेचे खडे होतात. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत ढवळ. लांब दांड्याचा डाव घे, कारण घट्ट होऊ लागलं की उकळते शिंतोडे हातावर उडतात. शेवटी चमचाभर लोणी. गोळा कढई सोडू लागला की त्यातला थेंबभर गर थंड पाण्यात टाकून बघ, बोटांत मऊ गोळी झाली की उतरव. आधी उतरवलंस तर चिकट राहील, उशीर केलास तर चिवट होईल. लोणी लावलेल्या ताटात बोटभर जाड थाप आणि कोमट असतानाच सुरीने काप. पूर्ण गार होईपर्यंत वड्या उचलू नकोस, कडा तुटतात.

तुझा,
मंदार