९९व्या स्तोत्राबद्दल, सरांना

आदरणीय सर,

सप्रेम शालोम.

तुम्ही इस्राएलमधल्या अश्दोदला लेकीकडे राहायला गेल्यापासून फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच तिकडच्या भाजीच्या भावावर येता. म्हणून हे उघड पत्र. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

आमच्या वाचन मंडळात बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं ९९वं स्तोत्र मांडायचं माझ्याकडे आलं होतं. जेमतेम नऊ ओव्यांचं. परमेश्वर राज्य करतो, राष्ट्रांनी थरथरावं, तो करूबांवर (पंख असलेल्या स्वर्गीय जीवांवर) बसला आहे, धरणी हलू दे, अशी त्याची सुरुवात. अभंगांवर वाढलेल्या माणसाला हा दरारा जरा परकाच वाटतो. देवाला इतकं भ्यायचं कशाला, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "आधी कोण कोणाशी बोलतंय ते बघ."

मग ते दिसायला लागलं. राजाविषयी 'तो' म्हणत चाललेला कवी तिसऱ्या ओवीत एकदम 'तुझं थोर नाव' म्हणतो आणि लगेच 'तो पवित्र आहे' म्हणून मागे सरतो. चौथीत पुन्हा 'तू': याकोबात, म्हणजे इस्राएल लोकांत, न्याय आणि नीती तूच स्थापलीस. आठवीत परत 'तू'. भर दरबारात ललकारी देणाऱ्याने मध्येच वळून थेट राजाशीच बोलावं, तसं. विठोबाला अरेतुरे करणाऱ्या आपल्याला यात नवल नाही. नवल हे, की 'तू' म्हटल्यावरही ही माणसं पादासनापाशी घातलेलं दंडवत सोडत नाहीत. जवळीक वाढली म्हणून धाक उणावत नाही.

त्या पादासनाबद्दल तुम्ही सांगितलंत ते मंडळात सर्वांत जास्त रंगलं. यरुशलेमच्या मंदिरातल्या परमपवित्रस्थानात कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, होता आणि वर पंख पसरलेले करूब. तिथे मूर्ती नव्हतीच. अदृश्य राजाचं ते आसन, आणि कोश म्हणजे त्याचं पाय ठेवायचं ठिकाण. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या लोकांनी मंदिर जाळलं. पुढे दुसरं मंदिर उभं राहिलं, पण त्यात कोश नव्हता. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे त्या गाभाऱ्यात घुसला, तर आत देवाची मूर्ती वगैरे काहीच सापडलं नाही. आणि तरीही लोक करूबांवर बसलेल्या राजाचं स्तोत्र म्हणत राहिले! सोळाव्या शतकात गालीलमधल्या त्सफातच्या कब्बालापंथीयांनी (यहुदी गूढवाद्यांनी) शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतिवाराच्या, स्वागताला ९५ ते ९९ आणि २९ ही स्तोत्रं म्हणायचा प्रघात पाडला. तोवर ते दुसरं मंदिरही पडून दीड हजार वर्षं होऊन गेली होती.

सहाव्या ओवीतल्या मोशे, अहरोन, शमुवेल या तीन नावांवर तुम्ही मला बराच वेळ अडवून धरलंत, त्याबद्दल वेगळे आभार. देवाच्या राजेपणाचं स्तोत्र, आणि त्यात एकाही राजाचं नाव नाही. दावीदसुद्धा नाही. उलट शमुवेल आहे: लोक राजा मागायला आले तेव्हा ज्याला वाईट वाटलं आणि 'त्यांनी तुला नव्हे, मला नाकारलं आहे' असं देवाने ज्याला सांगितलं, तो. कवीने हे मुद्दाम केलं असेल, असं मला ठामपणे वाटतं. तुम्ही नुसते हसलात.

आठव्या ओवीवरून मात्र आपली जुंपली. तू त्यांना क्षमा करणारा देव होतास, आणि त्यांच्या कृत्यांचं शासनही करणारा. मला दुसरा अर्धा भाग मवाळ करून सांगायचा होता, मंडळाला रुचेल असा. तुम्ही ठाम नाही म्हणालात. मोशे आणि अहरोन यांनाही वचनदत्त देशात पाऊल टाकता आलं नाही, याची आठवण दिलीत. न्यायावर प्रीती करणारा राजा आपल्या माणसांना त्यातून वगळेल तर चौथी ओवी खोटी पडेल, हे तुमचं म्हणणं मी मंडळात जसंच्या तसं मांडलं. एका आजींना ते अजिबात पटलं नाही. वाद चहा थंड होईपर्यंत चालला.

आणखी एक. तीनदा येणाऱ्या 'पवित्र'वरून तुम्ही यशया संदेष्ट्याकडे नेलंत: उज्जीया राजा मेला त्या वर्षी सिंहासनावरचा राजा पाहणारा यशया, आणि 'पवित्र, पवित्र, पवित्र' म्हणणारे सराफीम, म्हणजे देवाच्या सिंहासनाजवळचे स्वर्गदूत. यहुदी प्रार्थनेत ते शब्द आले की प्रत्येक वेळी टाचा उचलायच्या, हे तुम्ही गुडघेदुखी विसरून कॅमेऱ्यासमोर करून दाखवलंत. घरचे रागावले असतील.

एकोणिसाव्या शतकात बेने इस्राएलांनी, म्हणजे आपल्या मराठी यहुद्यांनी, बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली, हेही तुमच्याचकडून कळलं. त्यांपैकी तुम्हाला पाठ असलेलं एखादं पद रेकॉर्ड करून पाठवाल का? मंडळातल्या सगळ्यांची ही मागणी आहे.

पुढच्या बैठकीला २९वं स्तोत्र घ्यायचं ठरतंय, ते परमेश्वराच्या वाणीने लबानोनचे गंधसरू मोडण्याचं. फोन करीनच, शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार सोडून.

आपली,
वाचन मंडळातली विद्यार्थिनी