हंडा उचलून दाखवणाऱ्या काकूंना

काकू, साष्टांग नमस्कार.

परवा पहाटे माझ्या ॲनिमेशनची शेवटची फ्रेम रेंडर झाली, म्हणजे लॅपटॉपने शेवटचं चित्र तयार करून दिलं, आणि मी पहिल्यांदाच आजीला सलग चालताना पाहिलं. बारा सेकंदांचं काम. सेकंदाला २४ या हिशेबाने २८८ फ्रेम, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर एकेका फ्रेमला चार मिनिटं. सेकंड शिफ्ट करून रूमवर आलो तेव्हा शेवटच्या वीस-पंचवीस उरल्या होत्या. न जेवता तसाच समोर बसून राहिलो. रूममधली पोरं झोपलेली. रेंडर संपल्यावर ते बारा सेकंद बघितले, परत बघितले, आणि डोळे भरून आले. तेव्हाच तुम्हाला फोन करावासा वाटला, पण पहाटेचे तीन वाजत आले होते. म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही जे केलंत ते चार लोकांना कळायलाच हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी चाकणला एमआयडीसीत कामाला आहे. गाव माण तालुक्यातलं, म्हणजे पाण्याची परिस्थिती वेगळी सांगायला नको. ॲनिमेशन मी हौसेने करतो. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून उतरवून घेतलं आणि शिफ्ट संपल्यावर रात्री रोज थोडं थोडं शिकत गेलो. मनात एकच गोष्ट होती. आमची आजी टँकरजवळ हंडा भरते, उचलते, डोक्यावर घेते आणि घराकडे चालू लागते. बस्स. मोठी कथा नाही, संवाद नाहीत. लहानपणी रोज बघितलेली आजी एकदा जशीच्या तशी उभी करायची, एवढीच इच्छा.

तीन महिने खपून नऊ सेकंद तयार केले. आणि मग दाखवायला सुरुवात केली.

त्याआधी पैसे साठवून एका क्लासला नाव घातलं होतं. तिथल्या सरांना दाखवलं. ते फोनवर बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी माझी क्लिप मधूनच पुढे ढकलली, शेवट बघितला आणि म्हणाले, "फ्लोटी आहे. पुढचा कोण?" झालं. फ्लोटी म्हणजे काय ते मला कळत होतं. अंगाला वजन नाही, पात्र तरंगल्यासारखं वाटतं. पण ते तसं का वाटतंय आणि कुठे वाटतंय, हेच विचारायला तर मी फी भरली होती.

मग आपल्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर टाकलं. पंधरा-वीस अंगठे आले. "मस्त", "भारी", "कीप इट अप". राग मानू नका, पण त्यातल्या कितीजणांनी नऊ सेकंद पूर्ण बघितले असतील याची मला शंका आहे, कारण अपलोड होऊन पाच सेकंद व्हायच्या आत पहिला अंगठा आला होता. आणि एकाने लिहिलं, "लोकांना धड वॉक सायकल जमत नाही आणि फिल्म करायला निघालेत." वॉक सायकल म्हणजे पात्राला साधं चालवणं. खाली हसणारे चेहरे. त्याचं नाव घेत नाही, घ्यायचंही नाही. पण त्या रात्री मी फाईल बंद केली ती चार महिने उघडली नाही. शिफ्ट, जेवण, झोप. कोणी विचारलं तर सांगायचो, वेळ मिळत नाही.

चार महिन्यांनी एका रविवारी तुमचा मेसेज आला. आपली ओळख नव्हती. तुमचं पहिलंच वाक्य मी अजून जपून ठेवलंय:

"अरे, हंड्याला हात लावायच्या आधी ती पदर खोचते, ते तुला कोणी सांगितलं?"

काकू, तो पदर फक्त आठ फ्रेमचा होता. सेकंदाचा तिसरा भाग. ३१ ते ३८. त्यासाठी मी दोन रात्री घालवल्या होत्या. आजी कुठलंही काम करायच्या आधी डाव्या हाताने पदर ओढून कमरेला खोचायची, आणि ती पदर खोचताना दिसली नाही तर ती माझी आजी नाही, असं मला वाटत होतं. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मलाही वाटायला लागलं होतं की तो असला काय नि नसला काय. तुम्ही तो बघितलात. पुढे लिहिलं होतंत, "बाकी सगळं बदललंस तरी चालेल, हे काढू नकोस."

त्यानंतर तुमचे प्रश्न. हंडा तांब्याचा की स्टीलचा? काठोकाठ भरलेला की चार बोटं कमी? आजी तेव्हा किती वर्षांची? गुडघे दुखायचे का? आणि चुंबळ कुठाय? चुंबळीशिवाय भरला हंडा डोक्यावर कोण घेतं? माझ्या चुका काढायच्या आधी तुम्हाला माझ्या आजीची माहिती हवी होती. तोवर कोणीही मला तिच्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

आणि मग संध्याकाळी तो व्हिडिओ आला.

तो मी आता शंभरेक वेळा तरी बघितला असेल. तुमच्या नाशिकच्या घराची मागची मोरी. माळ्यावरून काढलेला जुना तांब्याचा हंडा, त्याच्या गळ्याशी अजून धूळ. तुम्ही साडीचा काठ वर खोचून वाकता. पहिल्यांदा रिकामा उचलता. मग अर्धा भरून. मग पूर्ण भरून. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी! पूर्ण भरलेला हंडा जमिनीवरून थेट वर येत नाही, आधी मांडीवर येतो, तिथे क्षणभर थांबतो. तुम्ही श्वास घेता, जबडा घट्ट होतो, आणि मग एका हिसक्यात तो डोक्यावर. वरून पाणी उसळतं, तुमच्या खांद्यावर आणि फरशीवर सांडतं. काकांचा आवाज येतो, "अगं बास आता, गुडघा आहे ना तुझा." आणि तुम्ही कॅमेऱ्याकडे बघून म्हणता, "थांबा हो. वाकताना पाठ दिसली नाही. त्या पोराला पाठ दिसायला हवी. परत घ्या."

परत घ्या! आणि पुन्हा सगळं केलंत, आडवं उभं राहून, पाठ दिसेल असं.

मला अजून कळत नाही काकू, ज्या पोराचं तोंडही बघितलं नाही त्याच्यासाठी माणूस एवढं का करतो. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "माहेरी त्र्यंबकच्या बाजूला लग्नाआधी मी दिवसाला चार खेपा केल्यात. तुझी आजी हंडा प्लॅस्टिकच्या बादलीसारखा उचलते ते मला बघवेना."

त्या व्हिडिओने मला जे शिकवलं ते कुठल्याच क्लासने शिकवलं नसतं. मी वजन कसं दाखवायचं यासाठी परदेशी ट्यूटोरियल पालथी घातली होती. सगळीकडे एक माणूस खोका उचलतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण माझ्या बाबतीत अक्षरशः खरी ठरली. माझ्या क्लिपमध्ये हंडा जमिनीवरून डोक्यावर जायला २४ फ्रेम लागत होत्या, एक सेकंद. तुमच्या व्हिडिओत मोजलं तर अडीच सेकंद, म्हणजे साठ फ्रेम, आणि त्यातल्या जवळजवळ पंधरा हंडा मांडीवर टेकलेला असताना. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो, वर तांब्याचं वजन. ते एका सेकंदात कसं डोक्यावर जाईल?

पण खरा उलगडा तुमच्या पुढच्या वाक्याने झाला. "तू हंडा हाताला बांधलायस. हात हंड्याला बांध." मी ब्लेंडरमध्ये हंडा आजीच्या हाताला जोडला होता, त्यामुळे हात वर गेला की हंडा मागोमाग, फुग्यासारखा. तुम्ही सांगितल्यावर उलटं केलं. आधी हंड्याचीच हालचाल केली, जड, थांबत थांबत, आणि हात त्याला धरून नेले. त्या एका बदलाने आजीचे खांदे खाली आले, कंबर हंड्याच्या उलट्या बाजूला झुकली, पावलं आखूड झाली. "वजन हंड्यात दिसत नसतं," तुम्ही म्हणालात, "उचलणारीच्या अंगात दिसतं." मग पाण्याचं. आजी थांबली की पाणी लगेच थांबत नाही, दोन-चार फ्रेम मागून हिंदकळत राहतं. आणि डोक्यावर भरला हंडा असताना मान हलतच नाही, सगळं हलणं कमरेखाली. हे सगळं तुम्ही तीन आठवड्यांत, एका वेळी एकच गोष्ट, अशा बेताने सांगितलंत. एकदम दहा चुका काढल्या असत्यात तर मी परत फाईल बंद केली असती, आणि ते तुम्हाला माहीत होतं.

मध्ये एकदा मी कंटाळून लिहिलं होतं की आता जमणार नाही, बास. तेव्हा तुम्ही फाळक्यांची आठवण दिलीत. दादासाहेब तुमच्याच त्र्यंबकेश्वरचे. कुंडीतल्या वाटाण्याला अंकुर फुटून रोप वाढताना त्यांनी १९१२ च्या सुमारास थोडं थोडं करत चित्रित केलं आणि ते दाखवून पहिल्या चित्रपटासाठी पैसा उभा केला. "त्यांनी वाटाणा बघितला, तू हंडा बघ," एवढंच लिहिलंत. मी उठून कंपनीतल्या कँटीनच्या मागे पाण्याची कॅन उचलणाऱ्या पोराकडे बघत उभा राहिलो. तो पण आधी मांडीवर घेतो.

हे लिहिताना ब्लेंडरची स्वतःची गोष्ट मनात येते. ज्या कंपनीकडे ते होतं ती बंद पडली, तेव्हा २००२ साली जगभरच्या लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते सोडवून घेतलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. त्या लोकांना चाकणच्या रूमवरचा पोरगा माहीत नव्हता. तरी त्यांच्या पैशांतून माझ्यापर्यंत हे आलं. २०२५ मध्ये ब्लेंडरवर केलेल्या लाटवियाच्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं तेव्हा आपल्या ग्रुपवर दिवसभर अभिनंदनं चालली होती. मलाही आनंद झाला. पण मला वाटतं, त्या ऑस्करइतकाच अभिमान आपल्याला तुमच्या मोरीतल्या व्हिडिओचा वाटायला हवा. फुकट मिळालेली गोष्ट फुकट पुढे देणारी माणसं आहेत म्हणून हे सगळं टिकलंय. नातीला चिऊ-काऊची गोष्ट हलती करून दाखवायची म्हणून तुम्ही हे शिकलात, निवृत्त झाल्यावर, चष्मा बदलत बदलत. तुम्ही कोणाच्या सर नाही, मॅडम नाही. तरी कोणाचंही काम आलं की आधी पूर्ण बघता, मग बोलता. आधी बघायचं, मग बोलायचं. इतकी साधी सभ्यता आपल्याकडे एवढी दुर्मिळ का व्हावी?

ज्या सरांनी माझी क्लिप पुढे ढकलली त्यांच्याबद्दल आता मनात राग उरलेला नाही, वाईट मात्र वाटतं. माझ्यानंतर रांगेत एक मुलगी उभी होती, तिच्या क्लिपमध्ये काय होतं ते मीही बघितलं नाही. ती अजून करते का, कोण जाणे.

गेल्या आठवड्यापासून मी ग्रुपवर येणारं प्रत्येक काम तीनदा बघतो आणि मगच लिहितो. अकोल्याच्या एका मुलाने सायकलवरून पडणारा पोरगा केलाय. पडल्यावर तो आधी आजूबाजूला कोणी बघतंय का ते बघतो आणि मग रडतो. मी त्याला तेच पहिल्यांदा लिहिलं. त्याने रात्री दीड वाजता उत्तर दिलं, "दादा, ते तुम्हाला दिसलं?"

आता आजीचं सांगतो. रविवारी गावी गेलो होतो. ती आता ब्याऐंशीची आहे, दारात खुर्ची टाकून बसते. गावात नळ आलाय, हंडा डोक्यावर घेऊन तिला बरीच वर्षं झाली. मोबाईल तिच्या हातात दिला, आणि काय आहे ते सांगितलं नाही. तिने क्लिप बघितली. पदर खोचला तेव्हा काही बोलली नाही. हंडा मांडीवर टेकला तेव्हाही नाही. पण हंडा डोक्यावर गेला तेव्हा तिचा स्वतःचा हात मानेमागे गेला, आणि ती मान चोळत बसली. क्लिप संपली तरी चोळत होती. मग म्हणाली, "परत लाव."

काकू, ती मान तुमची आहे. तुम्ही "पाठ दिसायला हवी" म्हणून दुसऱ्यांदा उचललात तेव्हाची.

तुमच्या उपकारांची फेड होणार नाही, आणि तुम्हाला ती नकोही असेल. पण काकांनी मागे फोनवर सांगितलं की तो हंडा अजून मोरीतच पडलाय, तुमच्या दोघांच्याने आता माळ्यावर चढत नाही. दिवाळीत मला चार दिवस सुट्टी आहे. मी नाशिकला येतो. हंडा मी चढवून देतो.

तुमचा,
चाकणचा पोरगा