काका, त्या बारा पुस्तकांच्या यादीच्या कागदासाठी मनापासून आभार

काका, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून आता लिहूनच टाकतोय. आणि सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितोय, कारण तुमच्याकडून मला जे मिळालं ते अजून चार जणांच्या उपयोगी पडावं असं खरंच वाटतं.

दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आलो तेव्हा डोक्यात एवढंच होतं की घरात लायब्ररी हवी, अख्खी भिंत भरून, आणि तिच्यात जगातली सगळी अभिजात पुस्तकं. तुमचं आयुष्य प्रूफं तपासण्यात गेलं, तुम्हाला माहीत असणारच, म्हणून म्हटलं शंभर पुस्तकांची यादी द्या ना. तर तुम्ही उलट मलाच विचारलंत, "दोनदा वाचलेलं असं एखादं पुस्तक आहे का तुझं?" मी खूप आठवलं आणि एकच नाव सांगितलं, श्यामची आई, लहानपणी वाचलेलं. मला वाटलं आता तुम्ही काहीतरी मोठं सुचवाल. तुम्ही म्हणालात, "मग पहिलं पुस्तक मिळालं की तुझं. साने गुरुजींनी ते तुरुंगात असताना लिहिलंय हे ध्यानात ठेवून आता परत वाच." त्या दिवशी मी घरी जाऊन वाचलं आणि मोठेपणी ते किती वेगळं पुस्तक आहे हे कळलं, आता मला श्यामपेक्षा आईच्या घरखर्चाच्या काळज्या जास्त दिसत होत्या.

मग तो सेट. मी ऑनलाइन मागवलेला वीस पुस्तकांचा सेट मोठ्या हौसेने तुमच्यासमोर ठेवला होता, सोनेरी अक्षरं, एकसारखी कव्हरं. तुम्ही त्यातलं डॉन किहोते उचललंत, कव्हर बघितलंच नाहीत, सरळ आतलं पान उघडून बारीक अक्षरातला 'संक्षिप्त' हा शब्द दाखवलात. मूळ कादंबरीचे दोन भाग आहेत, पहिला 1605 चा आणि दुसरा 1615 चा, आणि खरी गंमत दुसऱ्या भागात आहे कारण तिथे भेटणाऱ्या लोकांनी पहिला भाग वाचलेला असतो, ते त्या म्हाताऱ्या डॉन किहोतेला ओळखतात, हे तुम्ही इतकं रंगून सांगितलंत आणि माझ्या प्रतीत तो दुसरा भाग जवळपास नव्हताच! अनुवाद कोणी केला त्याचंही नाव नव्हतं. मला खूप वाईट वाटलं होतं, पैशांचं वाटलंच, पण जास्त याचं की मी ते वाचून 'डॉन किहोते वाचलं' असंच समजलो असतो. तेव्हापासून मी कुठलंही पुस्तक घेताना आधी ते पान बघतो. संपूर्ण आहे की संक्षिप्त, अनुवादक कोण, आवृत्ती कितवी.

त्याच दिवशी तुम्ही बांधणी बघायला शिकवलीत, ते तर मी आता भेटेल त्याला सांगत असतो. पुस्तक बंद करून उभं धरायचं आणि वरून कण्याकडे बघायचं. शिवलेलं असेल तर फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या, छोट्या छोट्या घड्या वेगळ्या दिसतात, नुसतं गोंदाने चिकटवलेलं असेल तर सगळी पानं एकसारखी सपाट. आणि जाड नवं पुस्तक कसं उघडायचं तेही. कणा टेबलावर टेकवायचा, आधी दोन्ही पुठ्ठे खाली सोडायचे, मग पुढची थोडी पानं हलक्या बोटाने दाबायची, मग मागची थोडी, परत पुढची, परत मागची, असं करत मध्यावर यायचं. तुमचे हात ते करत होते तेव्हा मी नुसता बघत होतो, इतकी माया त्यात होती. मी आधी मधोमध उघडून कडकन दाबायचो.

मग तुम्ही तो कागद दिलात. बारा नावं आणि खाली तीन रिकाम्या ओळी, "या तुझ्या तू भर." आणि अट एकच, एक वाचून झाल्याशिवाय दुसरं विकत घ्यायचं नाही.

पहिलं नाव होतं लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे. आईचे डोळे हल्ली लवकर दमतात म्हणून मी तिला रोज रात्री मोठ्याने वाचून दाखवायला लागलो. पुस्तक 1934 पासून भागाभागाने आलेलं, पण त्यातली वाक्यं कुणीतरी आत्ता शेजारी बसून बोलतंय अशी. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाबद्दल वाचताना आई पोट धरून हसली, आणि नवऱ्याने धर्म बदलल्यावर लक्ष्मीबाईंची जी अवस्था झाली ते वाचताना म्हणाली "थांब जरा", आणि आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो. जिला लग्नानंतर अक्षरओळख झाली ती बाई असं लिहिते, हे आई अजून अधूनमधून बोलून दाखवते. काका, माझ्या आणि आईच्या त्या रात्री तुमच्यामुळे आहेत, बाकी सगळं सोडा, एवढ्यासाठी तरी आभार मानायलाच हवे होते.

गोडसे भटजींच्या माझा प्रवासच्या पुढे तुम्ही कंसात 'आवृत्ती बघून' असं लिहिलं होतंत. मला आधी कळलं नाही. नंतर तुम्ही सांगितलंत की 1907 ला चिं. वि. वैद्यांनी ते छापलं तेव्हा मजकुरात बरेच फेरफार केले होते आणि मूळ हस्तलिखिताप्रमाणे पुस्तक यायला 1966 उजाडलं, दत्तो वामन पोतदारांमुळे. दक्षिणा मिळेल म्हणून घराबाहेर पडलेला साधा भिक्षुक 1857 च्या धामधुमीत सापडतो, झाशीचा वेढा आतून बघतो, ते त्याच्याच शब्दांत वाचायला मिळणं केवढी मोठी गोष्ट आहे. 'क्लासिक' म्हणून नुसतं नाव बघून उचलू नये, कोणती प्रत हातात येतेय ते बघावं, हे मला या एका पुस्तकाने पटवलं.

बनगरवाडी आणि रणांगण तुम्ही मुद्दाम पाठोपाठ ठेवली होतीत ना? दोन्ही बारकी, एका रविवारी संपतात. एक धनगरांच्या वाडीत घडतं आणि दुसरं दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवर, आणि दोन्ही वाचून झाल्यावर मला कितीतरी दिवस दुसरं काही उघडवेना. जाडजूड म्हणजेच अभिजात असं जे माझ्या डोक्यात बसलं होतं ते तिथेच गेलं. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याचंही तसंच, पुलंनी केलेला अनुवाद आहे, एका कोळियाने, मला तो इंग्रजीपेक्षा जवळचा वाटला.

तुकारामांची गाथा मी पहिल्या अभंगापासून सरळ वाचत निघालो होतो आणि शंभराच्या आसपास अडकलो. तुम्ही म्हणालात, साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत, ते धावत संपवायचे नसतात, ते पुस्तक कपाटात ठेवूच नकोस, हाताशी ठेव, रोज एक. तसंच चाललंय.

ठेवण्याबद्दल तुम्ही सांगितलेलं पण लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल. ऊन थेट पडेल अशा जागी पुस्तकं नकोत, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. ओल धरणाऱ्या भिंतीला कपाट चिकटवायचं नाही, मागे हवा खेळली पाहिजे. खूप दाटून भरायची नाहीत आणि तिरकी कलंडलेलीही ठेवायची नाहीत, कणा वाकतो. कुणाला दिलं तर वहीत तारीख टाकायची. पेनने खुणा नाहीत, पेन्सिलने शेवटच्या कोऱ्या पानावर पान नंबर आणि दोन शब्द. माझ्या स्मृतिचित्रेचं ते पान पूर्ण भरलंय.

आज माझ्याकडे एकतीस पुस्तकं आहेत. भिंत भरलेली नाही, दीड फळी झालीय, पण त्यातलं एकही न वाचलेलं नाही. तीन रिकाम्या ओळींपैकी एक भरली, इरावतीबाई कर्व्यांचं युगांत. महाभारतातली माणसं अशी माणसं म्हणून मी कधी पाहिलीच नव्हती, आणि ते मला कुणी न सांगता सापडलं याचा खूप आनंद आहे. बाकी दोन ओळी राहू देत, घाई नाही.

सध्या तुमच्या यादीतलं अकरावं चालू आहे, दस्तयेव्हस्कीचं क्राइम अँड पनिशमेंट. तुम्ही सांगितल्याप्रमाणे नावांचा कागद करून पुस्तकात ठेवलाय, नाहीतर रोदिओन रोमानोविच, रास्कोल्निकोव्ह आणि रोद्या हा एकच मुलगा आहे हे मला पन्नास पानं कळलं नसतं. आई रोज विचारते, पकडला का रे त्याला? मी सांगत नाही. शेवटचे दोन भाग राहिलेत, झाले की रविवारी दोघंही येतो तुमच्याकडे, तिला तुमच्याशी त्यातल्या सोन्या नावाच्या मुलीबद्दल बोलायचंय.

तुमचा,
कागद अजून जपून ठेवलेला पुतण्यासारखा वाचक