भुलीच्या डॉक्टर मॅडमना, त्या गार हातांसाठी

मॅडम, नमस्कार. दोन महिने झाले, रोज लिहायला बसते आणि दोन ओळींवर थांबते.

मे महिन्यातलं आपल्या सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीच आहे. भावाला अपेंडिक्ससाठी आत घेतलं आणि तासाभरात सिस्टर बर्फ बर्फ करत पळत बाहेर. ताप ४१ अंश सेल्सिअसच्या वर. आम्हाला वाटलं ऊनच बाधलं, कारण तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका हॉस्पिटलात पायाच्या ऑपरेशननंतर असाच ताप भरलता, जबडा आवळलेला, लघवी कोऱ्या चहासारखी, तेव्हा "सोलापूरचं ऊन आहे, बाधलं असेल" म्हणून दोन सलाईन लावून घरी धाडलं. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ लिहिली नाही ओ! म्हणून तर तुम्ही "आधी भुलीचा त्रास झालेला का" विचारलंत तेव्हा आम्ही सरळ नाही म्हणालो. त्या लोकांचा राग अजून जात नाही माझा.

तुम्ही मात्र अंग तापायच्या आधीच, श्वासातला कार्बन डायऑक्साइड चढतोय आणि अंग ताठ होतंय एवढ्यावरनं ओळखलंत, भुलीचा गॅस तिथल्या तिथं बंद केलात. मॅलिग्नंट हायपरथर्मिया, म्हणजे भुलीच्या गॅसनं अंग ताठ होऊन ताप भडकतो तो त्रास, हे नाव आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यावरचं औषध डँट्रोलिन आपल्याकडं सहजासहजी मिळत नाही, तुम्ही किती फोन केलेत कुणास ठाऊक, संध्याकाळी ते पुण्याहून येईपर्यंत तुम्ही त्याला धरून ठेवलंत.

पण मला आठवतं ते वेगळंच. मधेच अर्धा मिनिट तुम्ही बाहेर आलात, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, आणि खाली फरशीवर बसलेल्या आईचे हात दोन्ही हातांत धरलेत. "मावशी, उतरायला लागलाय, मी इथंच आहे." तुमचे हात बर्फासारखे गार होते, आई अजून सांगते. म्हणजे बर्फ तुम्ही स्वतः लावत होता ना मॅडम, कुणाला सांगून बाजूला नव्हता झालात. इतकी मोठी डॉक्टर आणि फरशीवर टेकून बोलली, अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांची घरं टिकतात.

हे रक्तातनं येतं म्हणालात, म्हणून आईच्या, माझ्या, चुलत्यांच्या सगळ्यांच्या फायलींवर लाल पेनानं लिहून ठेवलंय. भाऊ परत कामावर जातोय. आईनं तुमच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून ठेवलीय, रविवारी घेऊन येतो, नाही म्हणू नका.